न्यू ऑल्डेनची डेमोक्रॅट

"सू, मला एक डेमोक्रॅट हवाय," लोरेन म्हणाली. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून, खोकल्याचं औषध मागावं तितक्या सहज.

मी गोळ्या मोजत होते. "तो माल मी ठेवत नाही," मी म्हटलं. "या गावात खप नाही त्याला."

"थट्टा नको. ॲग्नेस गेल्यापासून माझं टेबल अपुरं आहे."

मिस ॲग्नेस म्हणजे न्यू ऑल्डेनची निवृत्त शिक्षिका आणि गावातली शेवटची डेमोक्रॅट. गाव एवढंसं. धान्याचं एक उंच कोठार, एक चर्च, एक पोस्ट, माझं औषधांचं दुकान आणि चारी बाजूंना मका. मतदार अठ्ठ्याऐंशी. निवडणूक कुठलीही असो, निकाल ठरलेला: झाडून सगळे रिपब्लिकनांना आणि तीन मतं दुसऱ्या बाजूला. ते तिघे कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ॲग्नेस, पाद्रीबाबांची स्वयंपाकीण आणि रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा. लोक त्यांना वाईट वागवत नसत. घरात एखाद्याला पथ्य असावं तसं त्यांना सांभाळून घेत. माझ्या तिथल्या नऊ वर्षांत म्हातारा गेला, स्वयंपाकीण मुलीकडे राहायला गेली आणि त्या हिवाळ्यात ॲग्नेसही गेली.

अडचण अशी होती की मतदानाच्या टेबलावर तीन माणसं लागत आणि तिन्ही एकाच पक्षाची चालत नसत. लोरेन शेफर ही वीस वर्षं टेबलाची प्रमुख. दुसरा ग्लेन बाउमन, धान्याच्या कोठाराचा मॅनेजर. सकाळी कॉफी पिताना ग्लेन जे म्हणेल ते दुपारपर्यंत गावाचं मत झालेलं असे. तिसरी खुर्ची ॲग्नेसची होती.

"मी कुठल्याच पक्षाची नाही, लोरेन. मला नागरिक होऊन पाच महिने झालेत."

"म्हणूनच तर तुझ्याकडे आले. पक्षाचा रकाना तुझा अजून कोराच आहे. एक फॉर्म भरायचा, बस्स. कागदावरची डेमोक्रॅट. पडद्यामागे कुणाला मत द्यायचं ते तू जाण आणि तुझा देव जाणे."

"लोक काय म्हणतील?"

"गावाची नड भागवलीस म्हणतील."

खरं सांगायचं तर मी हुरळून गेले. मी मिरजेची सुलभा मोघे. 'सुलभा' त्यांच्या जिभेला जड म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी 'सू' करून टाकली होती. नऊ वर्षं चर्चच्या जेवणांना मी बटाट्याची भाजी नेत होते आणि दर वेळी कुणीतरी लांबूनच विचारायचं, "सू, तिखट आहे का गं?" गावातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मला पाठ होता. पण कामाच्या टेबलाशी बस, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे सही केली.

रात्री जेवताना नवऱ्याला, मनोहरना, सांगितलं. ते मक्यापासून इंधन करणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांचे नागरिकत्वाचे कागद कुठल्याशा कचेरीत अडकून पडले होते, त्यामुळे आमच्या घरात मत एकच, माझं.

"म्हणजे गावाला तोंडी लावण्यापुरता विरोधी पक्ष हवा होता, तो तू झालीस," ते म्हणाले. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारलं नाहीस."

पुढच्या गुरुवारच्या साप्ताहिकात टेबलावरच्या तिघांची नावं छापून आली, प्रत्येकापुढे पक्ष. दिवसभर दुकानात चेष्टा चालू होती. ग्लेन स्वतः आला, टोपी काढून कमरेत वाकला आणि म्हणाला, "आमच्या डेमोक्रॅट बाईंना नमस्कार. आता रस्त्यावरचे खड्डे तुमच्यामुळेच पडले असं म्हणायची सोय झाली." मी पोट धरून हसले. इतकी लाडाची थट्टा त्या गावाने माझी कधी केली नव्हती.

मे महिन्यात ठराव आला.

वीस मैलांवर काउंटीच्या मुख्य गावात मांस कापायचा मोठा कारखाना होता. तिथे काम करणारी ग्वाटेमालाची चार कुटुंबं आमच्या गावात पडक्या, स्वस्त घरांत भाड्याने राहायला आली होती. ठराव असा होता की यापुढे न्यू ऑल्डेनमध्ये घर भाड्याने घ्यायचं तर आधी गावच्या कचेरीत कागदपत्रं दाखवून परवाना काढायचा. परवाना नाही तर घर नाही, आणि आधीपासून राहणाऱ्यांनाही तोच नियम. त्यासाठी विशेष मतदान ठेवलं होतं. कागदावर एकच प्रश्न आणि दोन गोल, बाजूने आणि विरोधात.

त्या चार घरांतली एक मार्ता. तिच्या धाकट्याला दमा होता. घरातलं वाफेचं यंत्र सारखं बिघडायचं, म्हणून ती त्याला कडेवर घेऊन दुकानात यायची आणि मी मागच्या खोलीत माझ्या यंत्राने त्याला वाफ द्यायची. तिला इंग्रजी चार शब्द, मला स्पॅनिश दोन. तरी आमचं बरंच बोलणं व्हायचं. पोराची छाती मोकळी झाली की ती हात जोडायची, आपल्यासारखेच.

"हे तुझ्यासारख्यांसाठी नाही हं, सू," ग्लेन मला मुद्दाम सांगून गेला. "तू रांगेत उभी राहून आलीस. तू आमची आहेस."

लोरेन ठरावाबद्दल चकार शब्द बोलत नव्हती. टेबलाच्या प्रमुखाने बोलायचं नसतं, असा तिचा नेम. फक्त आदल्या दिवशी नवऱ्याच्या, वर्नच्या, गोळ्या घ्यायला आली तेव्हा पिशवी हातात घेऊन थांबली.

"उद्या तू काय करणार ते मी विचारत नाही," ती म्हणाली.

"मग नको विचारू."

"नाहीच विचारत. मला माहीत आहे तू काय करशील ते." आणि तिने माझा हात दाबला.

हिला माहीत आहे म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे, हेच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून आम्ही तिघं गावच्या सभागृहात टेबलाशी बसलो. मी यादीत नावं शोधत होते, ग्लेन कागद देत होता, लोरेन पेटीशी. लोक येत होते, हवापाण्याच्या गप्पा मारत होते आणि पडद्यामागे जाऊन पाच सेकंदात बाहेर येत होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर लोरेन मत देऊन आली, मग ग्लेन, मग मी. माझ्या आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत. त्यासाठी मी हिरव्या काठाची नारायणपेठ नेसून गेले होते, तिच्यावर स्वेटर. पडद्यामागे पेन्सिल हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर आले तेव्हा ग्लेन घड्याळाकडे बघत होता.

संध्याकाळी सातला दार लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. मोजणी हातानेच. लोरेन कागद उलगडून मोठ्यानं वाचायची, ग्लेन तो डोळ्यांखालून घालायचा आणि मी तक्त्यावर रेघ ओढायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

"बाजूने. बाजूने. बाजूने."

चाळिसाच्या आसपास लोरेन एका कागदावर थांबली.

"विरोधात," ती म्हणाली.

मी पलीकडच्या रिकाम्या रकान्यात एक रेघ ओढली. ग्लेनने कागद घेतला, नीट पाहिला, खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाळाने दूध ओकलं तर आई बघते तसं.

"चालायचंच," तो म्हणाला. "ती खुर्चीच तशी आहे."

लोरेन पुढे वाचत राहिली, पण आता हळू. दर कागद उलगडून ती क्षणभर थांबायची. शेवटचा वाचून झाल्यावर तिने पेटी उलटी केली, आपटली, आत डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पुढे वर्षभर विसरू शकले नाही. माझं या गावातलं दाणापाणी संपलं, असं मी त्या नजरेतून वाचलं.

ऐंशी बाजूने, एक विरोधात. निकालाचा कागद रिवाजाप्रमाणे सभागृहाच्या दारावर चिकटवला. येणारे जाणारे थांबून वाचत होते आणि वाचून माझ्या दुकानाच्या दिशेने बघत होते. त्यांना वाटत होतं मला ते दिसत नाही.

कुणी भांडलं असतं तर मी भांडले असते. मिरजेची आहे मी, मला भांडता येतं. पण न्यू ऑल्डेनमध्ये कुणी भांडत नाही. उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले. मोटारीतून हात हलवायचे. चर्चच्या जेवणाला माझ्या भाजीचं भांडं आधी कधी नव्हतं इतकं कौतुक करून उतरवून घ्यायचे आणि जसंच्या तसं, झाकण न उघडता, परत द्यायचे. "तिखट आहे का?" असंसुद्धा कुणी विचारेना. आणि एकेकाची औषधाची चिठ्ठी वीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात जायला लागली. "त्या बाजूला जायचंच होतं, सू, म्हणून तिथूनच आणली." महिनाभरात निम्म्या गिऱ्हाइकांना त्या बाजूला जायचंच होतं. लोरेनही दिसेनाशी झाली.

मनोहर एका संध्याकाळी मुलीला अभ्यासाला बसवून माझ्यापाशी आले. ते सहसा कौतुक करत नसत.

"जे केलंस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "दुकान गेलं तरी चालेल. मला तुझा अभिमान वाटतो."

मी मान खाली घालून भांडी पुसत राहिले. त्यांना तो विनय वाटला असणार.

जूनच्या अखेरीस मार्ता आली. पोर कडेवर, हातात फडक्यात बांधलेला डबा. दारात नवऱ्याची जुनी गाडी उभी, टपावर गाद्या बांधलेल्या. परवाना मिळाला नव्हता, ते निघाले होते. कुठे, ते तिलाही नीट सांगता येईना.

तिने डबा उघडला. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले पिठाचे उंडे, आपल्या पातोळ्यांसारखे दिसणारे. "चीज," ती म्हणाली. "मांस नाही. तू, मांस नाही." मी मांस खात नाही हे तिने कधी हेरलं होतं कोण जाणे. मग तिने एक बोट वर केलं.

"एक," ती म्हणाली. "सगळे, सगळे नको. एक, तू." आणि पोराचा इवलासा हात धरून तिने माझ्या गालाला लावला.

मी डबा घेतला. घेतला मी तो. दारापर्यंत जाऊन गाडीला हात हलवला, आत आले, मागच्या खोलीत वाफेच्या यंत्राशेजारी बसले आणि मला भयंकर लाज वाटली. तशीच उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि भर उन्हात चालत कोठारावर गेले.

ग्लेन आपल्या खोलीत पंख्यासमोर बसला होता. "ये ये, सू. थंड काही घेणार?"

"ग्लेन, ते मत माझं नव्हतं."

"कुठलं मत?"

"तुला माहीत आहे कुठलं. मी बाजूने मत दिलं. बाजूने! तुम्हा सगळ्यांसारखंच."

हे खरं होतं. पडद्यामागे मी सरळ हिशेब केला होता. गावात कागदावरची डेमोक्रॅट मी एकटी. परक्या मुलुखातून आलेली मी एकटी. विरोधात एक जरी मत निघालं तरी ते माझंच ठरणार. म्हणजे ते निघताच कामा नये, आणि ते न निघणं माझ्या हातात आहे. मी मार्ताचा विचार केला नाही असं नाही. केला. तिच्या पोराच्या छातीचा आवाज मला त्या पडद्यामागे ऐकू येत होता. आणि तरी मी 'बाजूने'चा गोल काळा केला, घट्ट, दोनदा पेन्सिल फिरवून.

ग्लेनने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो हसला, अगदी मायेनं.

"सू, मत गुप्त असतं. कायदाच आहे तसा. तुला मला काही सांगायची गरज नाही."

"पण मी खरं सांगतेय."

"असेल ना. आपला देश मोकळा आहे. कुणी कुणावर राग धरून नाही इथे." त्याने उठून माझ्यासाठी दार उघडलं. "मनोहरला नमस्कार सांग."

परत येताना रस्त्यात मला रडू फुटलं. खोटी ठरले याचं नव्हतं ते. ज्यांच्यासाठी मी त्या पोराला गावाबाहेर काढलं, त्यांना त्याची किंमत शून्य होती, याचं होतं.

वर्ष जेमतेम काढलं. पुढच्या जूनमध्ये दुकान बंद केलं. मनोहरना शिकागोजवळ नोकरी मिळाली होती. मी फळ्यांवरच्या बाटल्या खोक्यात भरत होते तेव्हा लोरेन आली. वर्षभरात पहिल्यांदा. तिने दार आतून लावून घेतलं आणि काउंटरवर कोपरं न टेकवता ताठ उभी राहिली.

"ते मत माझं होतं," ती म्हणाली.

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"माझा आजा बोटीवरून उडी टाकून या देशात आला, सू. कागद नाही, पत्र नाही. ग्लेनचा आजा त्याच्या बरोबर होता. गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मला तो 'बाजूने'चा गोल काळा करवेना."

"मग सांगितलं का नाहीस? वर्षभर मी..."

"सांगणार होते. मी एकटी नसेन अशी माझी खात्री होती. एक माझं, एक तुझं. दोन निघाली की कुणाचं कुठलं हे कुणाला कळलं असतं? तुझ्या जिवावर तर मी धीर केला." तिचा आवाज चढला. "माझं मत मीच वाचलं. मग तुझं यायची वाट बघत राहिले. दर कागद उघडताना वाटायचं, हा सूचा. ऐंशी वेळा 'बाजूने' म्हटलं मी. पेटी उलटी करून पाहिली. आठवतंय तुला?"

आठवत होतं. ती नजर कसली होती ते मला आत्ता कळलं. अख्ख्या गावात एकटी लोरेन जाणून होती की मी काय केलंय.

"तुझा इतका संताप आला मला," ती म्हणाली. "त्या पोराला रोज मांडीवर घेऊन वाफ द्यायचीस तू. म्हटलं, न दिलेल्या मताचं ओझं वाहू दे हिला. आठ दिवस वाहू दे, मग सांगेन. आणि आठ दिवसांनी धीर झाला नाही. तू काय, आज ना उद्या कुठेतरी जाशील. मला इथेच राहायचंय. चर्चमागे वर्नच्या आणि माझ्या जागेवर दगडसुद्धा बसवून झालाय. नावं कोरलीत, फक्त शेवटचं साल राहिलंय."

तिला वाटत असावं मी ओरडेन, किंवा माफी मागेन. दोन्ही मला जमलं नाही.

"वर्नच्या गोळ्या आता कुठून आणणार?" मी विचारलं.

"काउंटीच्या गावातून."

"कधीपासून?"

तिने नजर वळवली. "गेल्या जूनपासून," ती म्हणाली.

याला आता एकवीस वर्षं झाली. मनोहर गेले, शेवटपर्यंत पाहुण्यांना ती गोष्ट सांगत. आमची ऋता वकील झाली. कागद नसलेल्या कुटुंबांचे खटले चालवते, फुकटसुद्धा चालवते. गेल्या मार्चमध्ये तिचा सत्कार झाला. दोन-अडीचशे माणसं होती. भाषणात ती म्हणाली की हे काम ती एका छोट्या गावात शिकली, जिथे एक विरुद्ध ऐंशी असा निकाल लागला होता आणि ती एक तिची आई होती. मग तिने माझ्याकडे हात केला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. शेजारची एक तरुण बाई, बहुधा ग्वाटेमालाचीच, डोळे पुसत होती. मी उठले. हात जोडले.

त्याच्या महिनाभर आधी वर्नचं पत्र आलं होतं, लोरेन गेल्याचं. दगडावर साल कोरून झालं असेल. मला विचाराल तर मी त्या गावात मत दिलं ते बाजूने, पण आता विचारणारंही कुणी नाही आणि जाणणारंही कुणी नाही. कायद्यात म्हटलंय तसं माझं मत शेवटी गुप्त राहिलं.